कार्डावर नसलेली ओळ

कोरीन बूशार्डचा लाल पत्र्याचा डबा सगळ्या गावाच्या ओळखीचा. आधी त्यात पाककृती असायच्या, आता नाच असतात. एका कार्डावर एक नाच. निळा ठिपका नवख्यांसाठी, लाल मुरलेल्यांसाठी, आणि कुठल्या गावात कधी पुकारला ते मागच्या बाजूला. आठवडाभर शाळेची बस हाकायची आणि रविवारी दुपारी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या या गावच्या हॉलमध्ये माइकवरून नाचाचं एकेक पाऊल पुकारत पन्नास माणसं हाकायची, यातच बाई खूश!

डब्यातली मागची दोनशे तेरा कार्डं मात्र इझ्रा पीबडीची. चाळीस वर्षं पुकारून म्हाताऱ्याचा आवाज बसला, तेव्हा त्याने ती तिला दिली. दिली कसली! प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ कोरी. कुणी कार्ड लांबवलं तरी नाच हाती लागू नये म्हणून. असला चिक्कू माणूस!

आज त्याचा ऐंशीवा वाढदिवस, आणि सगळ्यांना त्याने स्वतः रचलेलाच नाच हवा होता. कोरीनने तो घरी नाचणाऱ्यांच्या जागी मीठमिरीच्या बाटल्या सरकवून करून पाहिला होता. बाटल्या फिरून फिरून जागच्या जागी! दर फेरीला जोडीने पुढच्या जोडीकडे सरकायला हवं, नाहीतर तो नाच कसला? विचारलं तर म्हाताऱ्याचं एकच, "रविवारी सांगतो."

आता समोर दोन लांब रांगा उभ्या, आणि फिडलवाला डेल वैतागलेला. "सुरू करतेस, की जाऊन गाईंच्या धारा काढू?"

कोरीन धावत इझ्राच्या खुर्चीपाशी गेली. "शेवटची ओळ सांगा आता! लोक ताटकळलेत."

"नाही आठवत," तो घोगऱ्या आवाजात कुजबुजला.

"पुरे झाली चेष्टा!"

"शप्पथ, पोरी. कधी लिहिलीच नाही ना. तोंड उघडलं की आपोआप यायची. आता तोंडच बंद पडलंय." त्याचे डोळे भरून आले.

कोरीन एकदम ओरडलीच, "तोंड गेलं खड्ड्यात! पाय शाबूत आहेत ना? उठा!"

तिने त्याला ओढत रांगेत नेलं आणि त्याची बायको हॅना हिच्यासमोर उभं केलं. "डेल, वाजव!" माहीत होती तेवढी पावलं तिने पुकारली, आणि शेवटी म्हणाली, "आता सगळे इझ्राकडे बघा!"

क्षणभर म्हातारा खांबासारखा उभा. आणि पाय निघाले की हो! चौघांनी हात धरले, डावीकडे पाऊण फेरा, मग समोरच्याच्या उजव्या खांद्याजवळून सरळ पुढे, नव्या जोडीसमोर! हॉलमध्ये एकच आरोळी उठली.

"पाऊण फेरा! उजव्या खांद्याजवळून पुढे!" कोरीन माइकवर किंचाळत होती, हसत होती, रडतही होती. अठरा फेऱ्या झाल्या तरी कुणी थांबेना.

संगीत थांबताच तिने पेनाने ती ओळ कार्डावर लिहून टाकली. इझ्रा धापा टाकत आला आणि त्याने कार्ड ओढून घेतलं.

"आता हा कुणीही पुकारेल."

"म्हणून तर लिहिली."

त्याने ओळ दोनदा वाचली आणि कार्ड डब्यात परत ठेवलं.

"दोनशे बारा उरलीत," तो कुजबुजला. "गुडघे आहेत तोवर रोज नाचायला बोलाव."