गुऱ्हाळात पास झालेली रॅम

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. शाळा मी आठवीतच सोडली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. पण रहिमतपुरात अण्णांच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात किस्से साठतात ते खोक्यातल्या जुन्या केबलींसारखे. एक ओढावा, तर चार बाहेर येतात!

* * *

अण्णा फौजेत सिग्नलला होते. माझ्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कितवी?"

मी खाली बघून म्हणालो, "आठवी."

"शाळंत खोडरबर वापरलं हुतंस का?"

"व्हय."

"मग निम्मं काम येतंय तुला!"

खरंच होतं. बंद पडून आलेल्या कितीतरी मशीन, रॅमची सोनेरी कड खोडरबरने घासली की चालू होतात.

* * *

अण्णांचा दुसरा नियम आठ दिवसांचा. नव्या पार्टची खात्री नसली, की तो आधी बापूंच्या गुऱ्हाळातल्या वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायचा. तिथे रस उकळणाऱ्या चुलवाणाची धग, राख आणि चिकट वाफ. आठ दिवस टिकला, तरच गिऱ्हाइकाला द्यायचा.

बापूंना हे माहीतच नव्हतं! ते गावभर सांगायचे, "अण्णाची सर्विस लय भारी. न बोलावता येतोय. माझा पोरगाबी एवढा येत न्हाई!"

एकदा न राहवून मी त्यांना खरं सांगितलं. आता ओरडतील असं वाटलं. बापूंनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे माझ्याकडं पास झाल्याबिगर गावात काय चालतच न्हाई म्हण की!"

तेव्हापासून ते स्वतःच विचारतात, "नवीन काय आलंय का रं?"

* * *

मध्यंतरी रॅम एवढी महागली, की भाव ऐकून उभं गिऱ्हाईक खाली बसायचं. रिटायर झालेले विज्ञानाचे पाटील सर रोज चहाला येतात. ते म्हणाले, "अण्णा, रॅम विकत काय बसलाय? रॅमची कंपनी घ्या!"

त्यांनी मोबाईलवर एक कंपनी दाखवली. तिची मेमरी नव्या तऱ्हेची, पातळ थरावर थर रचलेली. पण ते थर गरमीत टिकतात का, यावर जाणकारांचंच एकमत नव्हतं.

"आन् न्हाई टिकले तर?"

"शेअर आपटणार!" सर प्रामाणिक आहेत.

अण्णांकडे एकच रक्कम बाजूला होती, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची. मिरजेच्या दवाखान्याची तारीखही ठरली होती.

काकी आतून ओरडल्या, "माझ्या गुडघ्यावर शेअर घेताय व्हय!"

* * *

अण्णांनी बेंगळुरातल्या पलटणीच्या मित्राकडून त्या कंपनीची एक रॅम मागवली.

सर थक्क! "अहो, लोक कंपनीची बॅलन्सशीट बघतात!"

"बघू द्या की. मी गुऱ्हाळ बघतो."

रोज मी जाऊन बघून यायचो. पाचव्या दिवशी बापूंचा पंखा जळाला. रॅम चालूच! आठव्या दिवशी दुपारी बापू मोटारसायकल न थांबवताच दुकानासमोरून ओरडत गेले, "पास!"

* * *

शेअर बाजार बंद व्हायला अर्धा तास होता. सर म्हणाले, "चला अण्णा, घ्या!"

अण्णांनी मोबाईल खिशात टाकला. "आठ दिवसांचं मला कळलं सर. आठ वर्षांचं कुणालाच ठावं न्हाई. हिचे गुडघे मातुर आज दुखत्यात."

भिंतीला धरत काकी चहा घेऊन आल्या. "आवं, मी सांगू का? एक गुडघा करू. दुसऱ्याचे शेअर घ्या."

अण्णांनी काकींच्या हातातला चहा घेऊन खाली ठेवला.

"बुडाली कंपनी, तर?" अण्णांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"तर चालीन की एकावर. आत्ता तर दोन्ही दुखत्यात. आन् तुमच्या गुऱ्हाळात पास झालेला एक तरी पार्ट परत आलाय का?"

अण्णांनी मोबाईल काढला, आकडा घातला आणि काकींच्या समोर धरला. "तूच दाब."

काकींनी ओलं बोट पदराला पुसलं आणि दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं मिरजेला गेली. त्यांना स्टेशनवर सोडून मी दुकान उघडायच्या आधी गुऱ्हाळावर गेलो. नववा दिवस होता. मशीन चालू होती. तरी काकींचा दुसरा गुडघा आठवला म्हणून मी ती बंद केली, रॅम काढली, कड खोडरबरने नीट घासली आणि परत बसवली.