गोदीचा चेहरा

एक डोळा मिटायचा, कुंचला हातभर पुढे उभा धरायचा आणि त्यावर अंगठा सरकवत समोरच्याचं तोंड मापायचं, ही काकांची सवय. आमच्या दारात ताक मागायला आले तरी ते माझ्या आईचं असंच माप घेत. आई पदर ओढून आत पळे.

जव्हारच्या दरबारात तसबिरी काढायला ते देशावरून आले आणि आमच्या शेजारी राहिले. त्यांनी रंगवलेल्या मोत्यांच्या माळा पाहिल्या असत्या तर तुम्हीही हात पुढे केला असता. पण समोर माणूस नसला की त्यांना साधं नाकही जमत नसे. ते स्वतःच सांगत, "मला आठवून काढता येत नाही. समोर असेल तेच हाताला कळतं."

एकदा सूर्यमाळचा एक म्हातारा मेलेल्या बापाची तसबीर मागायला आला.

"जिवंत होता तेव्हा आणायचास," काका म्हणाले.

"जित्ता व्हता तवा घरातच दिसं. तवा तसबीर काहाला?" म्हातारा चिडला. डोंगरातली माणसं मेलेल्याच्या नावाने कोरीव चिरा उभा करतात. तो म्हणाला, "आमी चिऱ्यावर घोडा काढतो, चांद-सूर्य काढतो, झाला बाप. तोंड नाय लागं."

काका ही गोष्ट येईल त्याला सांगत आणि पोट धरून हसत.

गोदी त्यांची एकुलती मुलगी. ती आणि मी बरोबर चौथी झालो. ती सारखी म्हणे, "बाबा, माझी काढा ना." काका म्हणत, "बसू उद्या. तू काय, घरचीच." त्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप भरला आणि आठवडाही झाला नाही, ती गेली. जव्हारात तेव्हा फोटोवाला नव्हता.

तिला न्यायला माणसं जमली, तेव्हा काका कुंचला घेऊन तिच्यापुढे बसले. काकूंनी तो काढून घेतला. "ही गोदी नाही," एवढंच म्हणाल्या.

तेराव्यानंतर काकू आमच्याकडे आल्या. "वहिनी, हिला पाठवा हो. बसू दे थोडा वेळ ह्यांच्यापुढे." आईला ते बरं वाटलं नाही, पण तिने पाठवलं. मी गोदीचा हिरवा परकर नेसून बसले. परकर हुबेहूब उतरला, बांगड्या उतरल्या. चेहरा मात्र माझा आला. काकांनी चिंधीने पुसला. पुन्हा काढला. पुन्हा मीच.

"पोरी, तू जरा कमी दिस ना," ते म्हणाले. मला हसू आलं, मग त्यांच्याकडे बघवेना.

"तिच्या गालाला खळी होती ना? कुठल्या बाजूला?"

"डाव्या," मी म्हणाले.

"उजव्या," काकू चुलीजवळून म्हणाल्या.

काकांनी चेहरा पुन्हा पुसला आणि कुंचला खाली ठेवला.

त्यानंतर राजवाड्यातही त्यांना चेहरे जमेनात. माणूस समोर बसलेला असे आणि काका नुसते त्याच्या गालाकडे बघत राहत. दरबाराने दुसरा चितारी आणला. काका ओट्यावर बसून राहू लागले. एका हिवाळ्यात तेही गेले.

काकूंनी ती तसबीर भिंतीला लावली आहे. परकर, बांगड्या, मांडीवरचे हात, आणि मानेच्या वर कोरं. सकाळी आंघोळ झाली की त्या तिला कुंकू लावतात. बोट कपाळ शोधत थोडं अडखळतं आणि रोज जरा निराळ्या जागी टेकतं. आता ती कोरी जागा सगळी लाल होत आली आहे.