टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल

शस्त्रागाराच्या त्या एका खोलीत मिस्त्रीची सत्तावीस वर्षं गेली होती. पोलिसांच्या बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करणारा, म्हणून सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. हत्यार रिकामं आहे असं कुणी सांगितलं की त्याचा विश्वास बसत नसे. आधी डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी आत घालून चाचपायचं, मगच मान डोलवायची. ही खोड घरीही सुटली नव्हती. साखर संपली असं बायकोनं सांगितलं तरी हा डब्याचं झाकण उघडून आत बोट फिरवणारच. "माझ्यापेक्षा डब्यावर विश्वास जास्त," असं ती म्हणे. "डब्यावर पण नाही," मिस्त्री म्हणे.

असल्या माणसाच्या दारात त्या दिवशी अकराच्या सुमारास ऑफिसातली मावशी येऊन उभी राहिली. फरशा पुसणं, टेबलं झाडणं, फाइली पोचवणं ही तिची कामं. एका काखेत दोन फाइली, आणि दुसऱ्या हातानं टॉवेलाची गुंडाळी पोटाशी धरलेली.

"साहेबांनी दिलंय," ती म्हणाली. "सकाळी सरावाला गेले होते, तिथं अडकलं म्हणे. रिकामं आहे. मॅगझिन काढून ठेवलंय त्यांनी."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं समजणाऱ्या दीडशहाण्यांना तो जन्मभर शिव्या घालत आला होता. अरे बाबांनो, डबा बाजूला केला म्हणून ताटात वाढलेलं परत डब्यात जातं का? एक गोळी आधीच नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये, जाऊन बसलेली असते. अडकलेल्या पिस्तुलात तर ती आहेच असं धरून चालायचं. आणि हे असलं हत्यार, नळीचं तोंड स्वतःच्या पोटाकडे करून, ही बाई दोन जिने उतरून अख्खं आवार ओलांडून आली होती.

आवाज चढवून चालणार नव्हतं. ती दचकली असती तर बोट कुठं गेलं असतं, कुणास ठाऊक.

"मावशी, आहात तिथंच थांबा," तो हळू म्हणाला. "फाइली पडल्या तर पडू द्या. मी बाजूनं येतो. मी धरलं म्हटलं की तुम्ही सोडा."

त्यानं टॉवेलाची घडी चापात अडकलेली नाही हे बघितलं, वरून मूठ धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. "धरलं." मावशीनं हात सोडला, तशा काखेतल्या फाइली खाली पडल्या. तिला त्यानं बाहेर भिंतीआड बसवलं, दार लावून घेतलं आणि चष्मा चढवला.

कोपऱ्यात वाळूचं पिंप होतं. पिस्तुलाचं तोंड त्यानं वाळूकडे केलं आणि टॉवेल सोडवला. बोट चापाच्या बाहेर, सरळ. मॅगझिनची जागा मोकळी होती, तेवढं साहेबांनी खरं सांगितलं होतं. मग वरची स्लाइड पूर्ण मुठीत धरून, गोळी बाहेर पडायच्या खिडकीवर हात येणार नाही असं बघून, त्यानं मागं ओढली. हलेना. हातोडीचा विचारही करायचा नाही. असल्या घाईत बोटं गेलेली माणसं त्यानं पाहिली होती. दम घेऊन पुन्हा. तिसऱ्या खेपेला स्लाइड खर्रकन मागं आली आणि पितळी काडतूस उडून पायाशी पडलं. न उडालेलं, जिवंत. त्यानं स्लाइड मागंच अडकवली, आत डोळा घातला, करंगळी घातली. आता खरं रिकामं.

काडतूस उचललं तर बुडाच्या टोपीवर, जिथं ठोका बसला की गोळी सुटते तिथं, घाव. चाप ओढलेला होता.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं दार उघडलं आणि तिथल्या तिथं साहेबांना फोन लावला.

"हो, ओढला ना, दोनदा ओढून बघितला," साहेब म्हणाले. "काही झालं नाही, म्हणून तर रिकामं म्हटलं."

"रिकामं आहे का हे चाप ओढून बघतात, साहेब? पुढचा घाव बसला असता तर गोळी बाईच्या पोटातून गेली असती."

"गेली नाही ना? मग झालं. साफसफाईला आलं एवढंच लिहा. निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमचे, कशाला धुरळा उडवता?"

मिस्त्रीनं फोन आपटला. कागद ओढला. "लिहिणारच मी," तो मावशीला ऐकवत होता की भिंतीला, त्यालाच माहीत. "माणसं म्हणजे काय हमाल आहेत यांचे? स्वतः चार पावलं यायला पाय झिजतात? टॉवेलात गुंडाळून पाठवतो, लाज नाही वाटत."

मावशी उंबऱ्याशी फाइली गोळा करत होती. "लिहा की," ती म्हणाली. "पण साहेबांचं एकट्याचंच का?"

"म्हणजे?"

"ही माझी चौथी खेप. आधीची तीन पिस्तुलं मीच आणून तुमच्या टेबलावर ठेवली. एकदा तुम्ही जेवत होतात. ठेवा तिथं कोपऱ्यात, म्हणालात. मागच्या वेळी म्हणालात, बरं झालं मावशी आहेत, साहेबांची वाट बघत बसावं लागत नाही."

खरं होतं. हत्यार त्यानं दर वेळी तपासलं होतं. ते आणणाऱ्या हातांचा विचार एकदाही केला नव्हता.

"त्यांच्यात गोळी होती का हो?" मावशीनं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. तिला कुठून कळणार होतं?

"दुसऱ्यात होती," तो म्हणाला.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"नाही."

मावशी फाइली काखेत घेऊन उभी राहिली. तिनं त्याच्यावर आवाज चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत होती, ओळखीच्या माणसाकडे नव्यानं बघावं तसं.

मिस्त्रीनं साहेबांचं नाव लिहिलं, टोपीवरचा घाव लिहिला, दोनदा ओढलेला चाप लिहिला. मग खाली दुसऱ्या खेपेची हकिगत लिहायला घेतली. तिथं, गोळी सापडूनही गप्प बसणाऱ्याच्या जागी, त्यानं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, आणि कागद आधी मावशीच्या हातात वाचायला दिला.