खाच गेलेला स्क्रू

सुनेने रबराचा तुकडा स्क्रूवर ठेवला, वरून स्क्रू ड्रायव्हर दाबला आणि हळूच फिरवला. चाळीस वर्षं अडून बसलेला तो स्क्रू मुकाट्याने सुटला.

टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट अडकली तेव्हा हे म्हणाले होते, "थांब, मी बघतो." पण थांबेल ती मी कसली! नवी नवरी, अंगात वारं, हातात भाजीची सुरी. असा जोर लावला, की खाचेची पार वाटी झाली. पुढच्याच वर्षी हे गेले. त्यांचा आवाज आतच राहिला, आणि टेप फोडायला मी कुणाला देईना.

जोर करण्याआधी मध्ये काहीतरी मऊ ठेवावं, एवढंही तेव्हाच्या त्या शहाणीला कळत नव्हतं.

सुनेने कॅसेट दुसऱ्या टेपवर लावली. खरखरीतून हे म्हणाले, "अगं, ऐक तरी..."

"आधी जेवायला बसा, भात निवतोय!" ही मी. मग शेजारीण, दूधवाला, पुन्हा भात. कॅसेट संपेपर्यंत मीच.

"आई, बाबांना काय सांगायचं होतं?"

"त्या बयेने बोलू दिलं असतं तर कळलं असतं!" मी हसले. मग कॅसेट मागे नेली. तेवढे तीन शब्द पुन्हा लावले, आणि गप्प बसले.