झेपेल ते पुस्तक

पुस्तकांच्या दुकानात माझ्या पुढे उभी एक मुलगी व्याकरणाचं पुस्तक मागत होती. सोबत तिची आई. दुकानदाराने दोघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक पातळ गाईड पुढे सरकवलं. "हे न्या. तुम्हाला एवढंच झेपेल."

मुलीने ते परत ढकललं. "झेपायचं माझं मी बघते, काका. ते वरचं जाड काढा."

मला माझेच दिवस आठवले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्गात माझ्या बोलण्याला हसायचे. मग मी व्याकरण शिकले, पण नियम घोकून नाही. आईने नळावर भांडताना टाकलेली वाक्यं घ्यायची आणि त्यांत कर्ता कोण, कर्म काय, ते शोधायचं. एकही वाक्य लंगडं निघालं नाही. तेव्हापासून आमच्या बोलण्याला अशुद्ध म्हणणारं पुस्तक मी तिथल्या तिथे मिटते.

मुलीने जाड पुस्तक उघडून त्यातलं एक उदाहरण मोठ्याने वाचलं. आईने कपाळाला आठ्या घातल्या. "असं कोण बोलतं गं?"

"कुणीच नाही." मुलीने पुस्तक मिटून दुकानदाराच्या हातात दिलं. "काका, दुसरं दाखवा. आम्हाला घाई नाही."