कडा घासणारे दगडूभाऊ

दगडूभाऊ पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले तेव्हा राम राम नाही, की कसे आहात नाही. सरळ आत आले आणि त्यांनी माझ्या भिंतीवरून अंगठा फिरवला. मग दाराच्या चौकटीवरून, मग खुर्चीच्या पाठीवरून आणि शेवटी माझ्या वाढलेल्या दाढीवरून. "मास्तर, भिताडाचा दाना लय मोठा हाय. गाल बरा हाय, पन कामाचा न्हाई," असा निकाल देऊन ते खाली बसले. मी लोणावळ्यात शाळामास्तर म्हणून नुकताच आलो होतो. मला वाटलं, या गावात वेडे मोकळे फिरतात की काय!

पण त्यांना माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या, परीक्षेचे जुने पेपर आणि पत्त्यांना चौथा गडी. भाऊ मूळचे कान्ह्याचे. रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले म्हणून सारी उमर गेली. निवृत्त झाल्यावर रोज दुपारी त्यांच्या ओसरीवर मेंढीकोटाचा डाव बसायचा. त्यांचे जोडीदार गावठाणातले श्रीपतआबा आणि समोरच्या बाजूने तात्या न्हावी. चौथ्या गड्याची बदली झाली होती. त्यातच लोणावळ्याच्या दमट हवेत पत्ते फुगले म्हणून आबांनी ते शेगडीवर वाळत घातले आणि निम्मे राजे-राण्या जाळून टाकले. लढाईचे दिवस, बाजारात गोड्या तेलाची मारामार, तिथे नवा जोड कोण आणणार? भाऊंच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "गाडी सुटल्यापून ह्यास्नी येवढंच ठेसन ऱ्हायलंय, मास्तर. त्येबी बंद झालं तर मानूस दिसभर माज्या चुलीम्होरं बसंल. कायतरी करा." त्यांच्या आवाजात अशी काही कळकळ होती, की मी सगळे पेपर देऊन टाकले.

भाऊंनी स्वतःच पत्ते करायला घेतले. पेपरांचे थर खळीने चिकटवायचे, पाट्याखाली दाबून ठेवायचे आणि तात्याच्या जुन्या वस्तऱ्याने कापायचे. लाल रंगाला वहिनींचं कुंकू, काळ्याला चिमणीची काजळी. चारी राजे एकाच स्टेशनमास्तरावर गेले होते, पण राजे म्हणून ओळखू येत होते. अडचण होती ती कडांची. कापलेल्या कडेला बारीक लव यायची आणि पिसताना पानात पान अडकायचं. "पत्त्याचं त्वांड कुनीबी रंगवंल. कड घासाया मानूस लागतो," भाऊ म्हणायचे. पहिल्या दिवशी ते माझ्या खोलीत खरखरीत काय आहे ते चाचपत होते, हे मला आता कळलं.

सुताराकडून पॉलिशकागद विकत आणा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्यांना दारूच्या गुत्त्यावर बोलावतोय. "इकत आनून घासायचं, त्यात घासनाऱ्याची काय अब्रू ऱ्हायली? दुनियेत खरखरीत वस्तूंला काय तोटा हाय व्हय?" तोटा खरंच नव्हता. त्यांनी माझ्या काडेपेट्यांच्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. पुढे चार दिवस माझा स्टो पेटेना. वहिनींची टाचा घासायची वज्री गेली. वैद्याकडून कान फुटल्यावर घालायचा समुद्रफेस आणला. तात्याचं गिऱ्हाईक दुकानात बसलं की हे त्याच्या हनुवटीवर अंगठा फिरवून पाहायचे; दोन गिऱ्हाइकं त्यापायी तुटली. "भाऊ, अहो माझा धंदा बुडवाल!" तात्या कळवळून सांगायचा. त्यावर उत्तर ठरलेलं, "तुजा धंदाबी घासायचाच हाय की!"

शेवटी लोहगडवाडीहून मोळी विकायला येणाऱ्या ठकीमावशीने खरवताची पानं आणून दिली. मांजराच्या जिभेसारखं खरखरीत पान. "आमी काठीची मूठ ह्येनंच घासतो. ह्याला काय पैकं पडत्यात?" ती म्हणाली. भाऊंनी तिला ओसरीवर बसवून चहा पाजला. मग महिनाभर ते एकेक पत्ता घेऊन घासत बसले. जोड तयार झाला तेव्हा आम्ही बघतच राहिलो. पिसताना सळसळ आवाज यायचा आणि बोटाला कड लागायचीच नाही.

डाव सुरू झाला आणि भाऊ जिंकू लागले. पहिल्या दिवशी आम्ही कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी चारी मेंढ्या, म्हणजे दश्श्या, गमावून माझ्यावर आणि तात्यावर कोट चढला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चढला. आबा जोडीदाराच्या जिवावर मिशीला पीळ देऊ लागले. अखेर तात्याने पानं खाली टाकली. "भाऊ, राग मानू नका, पण पत्त्यांवर खूण आहे."

"माज्या गड्याला चोर म्हनतूस?" आबा उठलेच. आम्ही सगळी पानं उजेडात धरून पाहिली. खूण कुठेच नव्हती. तात्या ओशाळला. तेवढ्यात भाऊच खाली मान घालून म्हणाले, "तात्या खोटं न्हाई बोलत."

त्यांनी डोळे मिटले, पालथ्या जोडातून एक पान काढलं आणि कडेवरून अंगठा फिरवला. "किलवर नव्वी. हिला वज्री जास्त लागली." दुसरं काढलं. "चौकट राजा. ह्यो काडीपेटीवाला." उलटून पाहिलं, तर तसंच! "म्या मुद्दाम न्हाई शिकलो, आबा. म्हयनाभर घासली, आंगठ्याला पाठच झाली. पानं वाटतानाच कळतंय कुनाकडं काय गेलं. दोन दिस बोललो न्हाई. वाटलं, डाव मोडंल. पन ठावं आसून खेळायचं म्हंजी दरोडाच की." एवढं बोलून ते बैठकीवरून उठले.

आम्ही उपाय करून पाहिले. अंगठ्याला चिंधी बांधली, तर शेजारच्या बोटाला कळू लागलं. दाही बोटं बांधली, तर हातातून पानं गळू लागली आणि त्यांचा डाव आम्हा सगळ्यांना दिसू लागला. "ऱ्हाऊ द्या. तुमी खेळा," ते म्हणाले. मग आम्ही तिघे पाच-तीन-दोन खेळायचो आणि ज्यांनी पत्ते केले ते आमच्याकडे पाठ करून पायरीवर बसायचे. घाटातून वर येणाऱ्या गाडीची शिट्टी झाली तरी मान वर करत नसत. मला फार वाईट वाटायचं. जिंकण्यात तर काडीची गोडी राहिली नव्हती.

एके दिवशी भाऊ बाजारात गेलेले पाहून आबांनी जोड उचलला. "आंगठा बदलता येत न्हाई. कडा तरी बदलता येतील!" तात्याने दुकान बंद केलं आणि आम्ही तिघे आत बसलो. आबांनी घासलं ते दगडावर, तात्याने वस्तऱ्याच्या निसण्यावर, मी विटेवर. मग पानांची अदलाबदल करून पुन्हा. इतक्या सुंदर कडांची आम्ही स्वहस्ते वाट लावत होतो. एका पानाचा कोपराच उडाला, तेव्हा तात्याने बाकीच्या एक्कावन्न पानांचे कोपरे उडवून टाकले.

दुसऱ्या दिवशी आबांनी बळेच भाऊंना बैठकीवर ओढलं आणि जोड हातात दिला. भाऊंनी अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "कुनी केलं ह्ये? आरं, उंदरांनी खाल्ली व्हय माजी पानं?"

"आमी खाल्ली," आबा म्हणाले. "तुजा आंगठा लय शाना झालता. पानं वाट आता गपगुमान."

पुन्हा एकदा भाऊंनी सगळ्या जोडाच्या कडा चाचपल्या, मग आम्हा तिघांच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी पानं पिसली. पानात पान अडकत होतं, दोनदा जोड हातातून सांडला. वाटताना ते प्रत्येक पानावर थबकत होते आणि मान हलवून पुढे जात होते. खेळताना त्यांनी हुकूम भलताच ठरवला, आबांचीच मेंढी आमच्या घशात घातली आणि डाव संपला तेव्हा त्यांच्यावर कोट चढला होता. आबा कपाळाला हात लावून बसले.

भाऊ मात्र ताडकन उठले. मांडीवर थाप मारून आत ओरडले, "अगं, च्या टाक चौघांस्नी! आज हारलोया मी, चांगला कोट खाऊन हारलोया!"

"बरं झालं बाई!" आतून वहिनी म्हणाल्या, आणि लगेच चुलीवर आधण ठेवल्याचा आवाज आला.