मामाजींचा फ्लश

मी आर्वीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याला दोन्ही जबाबदार आहेत.

माझे सासरे आष्टीकडच्या एका खेड्यात राहतात. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. सासूबाई गेल्यापासून ते तिथे एकटेच, सोबतीला संत्र्याचा बगीचा. मागच्या फेब्रुवारीत ओलीत करताना, म्हणजे झाडांना पाणी देताना, ओल्या दांडात, म्हणजे पाण्याच्या पाटात, त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सुट्टी देताना तीनच गोष्टी सांगितल्या: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. उकिडवं बसले तर बसवलेला खुबा निखळेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गावच्या घरी संडास उकिडवं बसायचा. आमच्या घरी मात्र कमोड होता. म्हणून मामाजी आर्वीला आले.

आता त्या कमोडविषयी. घर बांधलं तेव्हा माझ्या नवऱ्याने तो हौसेने बसवून घेतला होता, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की विचारायचे, "तुमचा साधा कुठं आहे?" आणि मागच्या अंगणातल्या संडासात जायचे. आम्हीही तिकडेच जायचो. चार वर्षं त्या खोलीत दिवाळीच्या माळा, तुटका कूलर आणि नवऱ्याचं हेल्मेट राहत होतं. मामाजी यायच्या आदल्या दिवशी आम्ही ते सगळं हलवलं आणि फरशी घासून लख्ख केली. फ्लश मात्र कोणी दाबून पाहिला नाही.

पहिल्या सकाळी मामाजी वॉकर टेकत आत गेले. बऱ्याच वेळाने दांडा दाबल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. दार उघडेना. शेवटी मीच हाक मारली, "मामाजी, काय झालं?"

"काई नाई," आतून आवाज आला. "पाणी येते, पण काम करत नाई."

मी बादली भरली आणि दाराशी गेले. ते भिंतीकडे तोंड करून वॉकर धरून उभे होते. मी एका दमात बादली ओतली, सगळं साफ झालं. म्हटलं, "असू द्या मामाजी, मी टाकत जाईन पाणी."

इथे एक सांगायला हवं. मामाजी जुन्या वळणाचे आहेत. सून ज्या खोलीत असेल तिथे शिरण्याआधी ते दारातच खाकरतात, तिला डोक्यावर पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून. मी लग्न झाल्यापासून एकदाही डोक्यावर पदर घेतलेला नाही. शाळेत तर पंजाबी ड्रेसच घालून जाते. तरी त्यांचं खाकरणं सतरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. आणि आता तीच सून रोज सकाळी त्यांच्या मागे बादली घेऊन उभी राहत होती. मला यात काही वाटत नव्हतं, म्हणून त्यांनाही वाटत नसेल असं मी धरून चालले. मास्तरणीला हा रोग असतोच.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ताटात अर्धी भाकर तशीच राहते आहे. "भूक नाई लागत," ते म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळचा चहाही नको झाला. मी नवऱ्याला म्हटलं, औषधं जड पडत असतील. नवरा म्हणाला, गावाची आठवण येत असेल. आम्ही दोघं फार हुशार.

रविवारी दुपारी मी ओसरीतले कपडे काढत होते आणि मामाजी खिडकीशी बसून गावच्या शेजाऱ्याशी फोनवर बोलत होते. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात.

"नाई रे बावा, सून चांगली हाये. थेच तं पंचाईत हाये. मास्तरीण बाई, आन् माह्यामागं बकेट घेऊन उभी राह्यते. लाज वाटते ना. म्हून मी खातच नाई जास्त. खाल्लं नाई तं जा लागत नाई." मग थोडं थांबून म्हणाले, "मंगळवारच्या गाडीनं येऊन राह्यलो. पाहू गावात कसं जमते तं."

हातातली चादर मी तशीच धरून उभी राहिले. माणूस माझ्या घरात, भरल्या ताटावर उपाशी राहत होता, आणि मी औषधाच्या पट्टीवर मागे काय लिहिलंय ते वाचत बसले होते. मला रडू आलं आणि लगेच मागोमाग राग आला. मामाजींचा नाही, नवऱ्याचा नाही, त्या पांढऱ्या कमोडचा. मंगळवारी हा माणूस गावी गेला आणि उकिडवा बसला, तर खुबा गेलाच.

सोमवारी शाळेत अर्धी रजा टाकली आणि प्लंबरला पकडून आणलं. त्याने दोनदा दांडा दाबला, पाणी आळशासारखं उतरताना पाहिलं आणि मान हलवली. "भाभी, याचा ढालच गलत हाये, उतारच नाई. पूरा पॉटच बदला लागन. माल नागपूरहून येईन, आठ दिवस धरा."

"आठ दिवस?" मी म्हटलं. "टाकीचं झाकण तरी उघडून पाहिलंस का?"

"झाकण काय पाह्यचं? टाकी भरते, नळ बंद होते. टाकी ओक्के हाये." नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी मी त्याला ऐकवलं असावं. तो पाना उचलून गेला.

मामाजी खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. मला तर कोणाला तरी काहीतरी शिकवल्याशिवाय राग उतरत नाही. मी एक कोरी उत्तरपत्रिका घेतली, त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि फ्लशची आकृती काढली. "हे पाहा मामाजी. टाकीत पाणी भरते. पाण्यावर हा फुगा तरंगते. पाणी वर चढलं की फुगा वर येते आणि नळ बंद करते. दांडा दाबला की खालचं रबरी बूच उचललं जाते आणि सगळं पाणी एकदम खाली सुटते. थे काठाखालच्या भोकांतून गोल फिरत उतरते, भांडं धुते, आणि मागं नळीचा हा बाक हाये ना, त्याच्यावरून सगळं ढकलून नेते."

त्यांनी चष्मा पुसून आकृती पाहिली. "एकदम सुटते मंजे किती?"

"टाकीभर."

"मंग तुह्या टाकीत टाकीभर पाणी हाये काय?"

"आहे ना. भरल्याचा आवाज येतो की रोज."

"आवाज तं अर्ध्या टाकीतूनही येते," मामाजी म्हणाले. "झाकण काढ."

झाकण काढलं. मी आत डोकावले.

टाकीत तीन बाटल्या उभ्या होत्या, लिटरच्या, वाळूने गच्च भरलेल्या. आणि फुग्याची दांडी खाली वाकवलेली होती, त्यामुळे पाणी अर्ध्यावरच थांबत होतं. हे कोणी केलं, ते विचारायची गरज नव्हती. चार उन्हाळ्यांपूर्वी आमच्या शाळेत 'पाणी वाचवा' कार्यक्रम झाला होता. त्यात मी पोरांना करून दाखवलं होतं की फ्लशच्या टाकीत वाळूची एक बाटली ठेवली तर दर वेळी लिटरभर पाणी वाचतं. टाळ्या पडल्या होत्या. त्याच तारेत घरी येऊन मी एकीऐवजी तीन ठेवल्या, कारण अर्धवट काम मला आवडत नाही, आणि वर दांडीही वाकवून ठेवली. मग कोणी तो कमोड वापरलाच नाही आणि मी सगळं साफ विसरले. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

तेवढ्यात नवरा ऑफिसमधून आला. त्याने टाकीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "चार वर्षांत लय पाणी वाचलं म्हणायचं." मग हसत हसत भिंतीला टेकला. मी त्याला मारायला बाटली उचलली, पण वाळूने ती फार जड होती.

मामाजी हसले नाहीत. त्यांनी एक बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. "तुह्या मनात वाईट नव्हतं," ते म्हणाले. "पण ओलीत करतानी पाह्य, मोटर अर्धी चालवली तं पाणी दांडातच मुरते. शेवटच्या झाडापर्यंत जातच नाई. मंग पुन्हा चालवा लागते. कमी सोडलं मंजे वाचलं असं नसते, पोरी. एका टायमाले पुरते तितकं सोडा लागते." मला आठवलं, रोज सकाळी मी त्या अर्ध्या फ्लशवर आणखी एक अख्खी बादली ओतत होते.

बाटल्या निघाल्या, दांडी सरळ झाली, टाकी पहिल्यांदाच काठोकाठ भरली. मी दांडा दाबला. पाणी जोरात आलं, पण फक्त डाव्या बाजूने. उजवी बाजू कोरडीच राहिली.

"आळं एका अंगानंच भरून राह्यलं," मामाजी खुर्चीतून म्हणाले. त्यांची खुर्ची आम्ही दारातच आणून ठेवली होती. "गोल फिरलं पायजे, संत्र्याच्या आळ्यावानी. आरसा आण बरं लहानसा."

माझ्या पर्समधला आरसा मी काठाखाली धरला. आत भोकांची रांग दिसली आणि उजवीकडची जवळपास सगळी भोकं पांढऱ्या क्षाराने बुजलेली होती. आमच्या भागातल्या पाण्याचा हा जुना गुण. मी सांगितलं तसे मामाजी खुर्चीत ताठ झाले. "हे तं ठिबकवानी झालं! नळीची भोकं अशीच बुजतेत. मी काट्यानं मोकळी करतो." आणि मुलाकडे वळून म्हणाले, "जाय, बाभळीचे काटे आण. लांब पाह्यजो. आन् आंबट काई असन तं दे."

घरात व्हिनेगरची बाटली होती, पोरांच्या प्रयोगांसाठी आणलेली. त्यात चिंध्या भिजवून आम्ही काठाखाली कोंबल्या आणि तासभर थांबलो. मग मी फरशीवर बसून, एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात काटा घेऊन, एकेक भोक कोरायला लागले. मामाजी दारातून वॉकरने दाखवत होते. "त्याच्या बाजूचं. नाई, थे झालं. पुढचं. हां, जोर लाव." नवरा मोबाईलची बॅटरी धरून उभा होता आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होता की मास्तरीण बाई कामाच्या आहेत. पाच काटे मोडले. माझी पाठ आखडली, आणि तरी सांगते, इतक्या आनंदाने मी त्या वर्षात दुसरं काहीच केलं नव्हतं.

परीक्षा कशाने घ्यायची, हेही मामाजींनीच ठरवलं. त्यांच्या बगीच्यातली संत्री घरात होती. दोन संत्री सोलून आम्ही तिघांनी खाल्ली आणि सालं कमोडमध्ये टाकली. ती वर तरंगत राहिली.

"दाब," मामाजी म्हणाले.

"तुमीच दाबा," मी म्हटलं.

ते वॉकर धरून उठले, दोन पावलं पुढे आले आणि दांडा दाबला. पाणी सगळ्या बाजूंनी एकदम उतरलं, गोल फिरलं, भांड्यात जरा चढलं आणि मोठा घोट घेतल्यासारखा आवाज करून सगळी सालं मागच्या बाकातून घेऊन गेलं. नवरा ओरडला. मी तर टाळ्याच वाजवल्या. मामाजी मात्र वाकता येईल तेवढं वाकून पाहत राहिले.

"सगळं गेलं, तं मंग हे थोडंसं पाणी परत काऊन येऊन बसलं?"

हे मला येत होतं. "ते मुद्दाम थांबते, मामाजी. बाकात पाणी राहिलं की नळीतला वास वर येत नाही. पाण्याचंच दार झालं ते."

"हे मले नव्हतं माईत," ते म्हणाले. मग टाकी भरायची वाट पाहून त्यांनी पुन्हा दांडा दाबला. मग पुन्हा. असं पाच वेळा. आत काही नव्हतं, नुसतं पाणी फिरताना पाहायचं होतं. नळ एक दिवसाआड येणाऱ्या गावात, पाणी वाचवणारी मी, हूं की चूं केलं नाही.

तरी मंगळवारी सकाळी त्यांची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती. मी काही विचारलं नाही. बादली तेवढी उचलून मागच्या अंगणात नेऊन पालथी घातली आणि स्वयंपाकघरात येऊन उगाच पीठ मळत बसले. मामाजी आत गेले. मी मळत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. मग दांड्याचा आवाज आला, एकदाच. पाठोपाठ पाण्याचा. दार उघडलं.

ते वॉकर टेकत स्वयंपाकघरापर्यंत आले, दारात थांबले आणि नेहमीसारखे खाकरले. मी म्हटलं, "मामाजी, आष्टीची गाडी साडेनऊला लागते."

"लागू दे ना. काऊन घाई करून राह्यली?" ते खुर्ची ओढून बसले आणि माझ्या हाताखालच्या पिठाकडे पाहून म्हणाले, "भाकरी टाक. मले दोन टाकजो, एकीनं नाई भागत."